हजाराव्या चंद्राचे स्थलांतर

२३ डिसेंबर २०२३, शनिवार, सकाळचे सहा. फणसवाडीतील एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर मी संगणकासमोर बसलो आणि काही हजार माणसांना एका डेटाबेसमधून उचलून दुसऱ्या डेटाबेसमध्ये नेण्यास आरंभ केला. माणसे म्हणजे त्यांची नावे, जन्मदिनांक, जन्मवेळ आणि जन्मगाव. कार्यालय विनायक गुरुजींचे. गुरुजी पौरोहित्य करतात. त्यांच्या संकेतस्थळावर कोणीही आपली जन्मवेळ भरावी. तिथीचा वाढदिवस, साठीची शांत, सहस्रचंद्रदर्शन, यांपैकी जे जवळ आले असेल त्याची सूचना त्या घरच्या मोबाइलवर आपोआप जाते. मी गुरुजींच्या यजमानांपैकी नव्हे. डेटाबेस सांभाळणे हा माझा व्यवसाय होता आणि निवृत्तीनंतरही, कोणी बोलावले तर, आहे.

वाडी अर्धी झोपेत होती. खाली कोणीतरी अंगणात पाणी शिंपडत होते. पडद्यावर नोंदी वर सरकत होत्या, एकीमागून एक, न थांबता, आणि पाहता पाहता मला वाटू लागले की ही नावे नव्हेत, खरोखरीची माणसे आहेत. डोळे मिटून, हात अंगाशी धरून, कोणत्या तरी शांत प्रवाहातून निघाली आहेत. असे वाटणे कामाला उपकारक नसते. मी चहा मागविला.

ज्यांचा या व्यवसायाशी संबंध नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. संकेतस्थळ म्हणजे दुकानाचा दर्शनी भाग. गिऱ्हाईक मागते ती वस्तू मागच्या कोठीतून येते. ती कोठी म्हणजे डेटाबेस. त्याला विदागार असा शब्द आहे. तो मी अनेकदा वापरून पाहिला, समोरचा मनुष्य थांबून 'काय?' म्हणतो, म्हणून सोडून दिला. कधी कोठी जुनी होते. तिचे बनविणारे दुरुस्त्या देणे थांबवितात. मग नवी घ्यावी लागते. दुकान तेच, पाटी तीच. केवळ मागची कोठी बदलायची, आणि तीही गिऱ्हाईक दारात उभे असताना. झोपलेले मूल एका अंथरुणावरून दुसऱ्या अंथरुणावर नेतात, तसे हे काम आहे. मूल जागे झाले नाही, तर ते चांगले झाले.

यात सामान सहसा हरवत नाही. घर बदलताना भांडी फुटत नाहीत, सवयी फुटतात. जुना डेटाबेस काही गोष्टींकडे काणाडोळा करीत आलेला असतो. कोणत्या, हे त्याने कधी सांगितलेले नसते. नवा आला की पहिल्या दिवशी कळते.

माझगावातील जुन्या ख्रिस्ती कुटुंबांच्या एका मंडळाचे काम मी केले होते. सभासदांची नावे इंग्रजीत होती. डिसोझा, डिमेलो ही आडनावे लिहिताना पहिल्या अक्षरानंतर वर एक लहानशी स्वल्पविरामासारखी खूण करतात. नव्या डेटाबेसने तिचा अर्थ 'नाव येथे संपले' असा घेतला. दुपारी मंडळाचे सचिव, फ्रान्सिस नावाचे गृहस्थ, यांचा फोन आला.

"मिस्टर खोपकर, परेरा सगळे आहेत. फर्नांडिस आहेत. पण डिसोझा, डिमेलो, डिकुन्हा, ऑल गॉन! नुसता 'डी' राहिला आहे. ख्रिसमसच्या जेवणाला मी काय 'डी'ला बोलावू?"

"तासाभरात सर्व परत येतील," मी म्हणालो.

"या, या. घाई नाही. माझी बायको पण 'डी' झाली आहे. घर एकदम शांत आहे."

दादरच्या एका विवाहसंस्थेची गोष्ट याहून विचित्र. तेथे जन्मतारीख भरणे बंधनकारक होते, पण जुना डेटाबेस शून्य तारीख चालवून घेत असे. शून्यावा दिवस, शून्यावा महिना, शून्य साल. नव्या डेटाबेसने त्या नोंदी दारातच अडविल्या. असा दिवस अस्तित्वात नाही, हे त्याचे म्हणणे. आणि ते बिनतोड होते. संस्थेच्या संचालिका करमरकरबाई मात्र विचलित झाल्या नाहीत.

"अहो, तो दिवस आहे," त्या म्हणाल्या. "ज्यांना वय सांगायचं नसतं, ती सगळी त्याच दिवशी जन्मलेली असतात. त्यांचीही लग्नं होतात. मी लावली आहेत."

त्या माणसांसाठी मला रिकामी जागा ठेवण्याची वेगळी सोय करावी लागली. त्यानंतर काही दिवस, दुपारी डोळा लागला की, मला त्या शून्याव्या दिवसाचे स्वप्न पडत असे. स्वच्छ ऊन होते, रस्ते रिकामे होते, आणि कोठेही घड्याळ नव्हते.

फणसवाडीचे काम नऊच्या सुमारास संपले. दोन्हीकडची मोजणी जुळली. निवडक नोंदी मी डोळ्यांनी ताडून पाहिल्या, जुळल्या. संकेतस्थळाचे तोंड नव्या डेटाबेसकडे वळविले. प्रोग्रॅमने रोजच्याप्रमाणे सर्वांची गणिते नव्याने मांडली आणि ज्यांचे काही बदलले होते, त्यांना सूचना पाठविल्या. मी समजत होतो की कोणाचेच काही बदललेले नाही.

गुरुजींची सून मृदुला संकेतस्थळ पाहते. बोलणे भरभर, काम नेमके. ती मोबाइल कानापासून दूर धरून आत आली.

"काका, लालबागचे परब आहेत. त्यांच्या आईंचं सहस्रचंद्रदर्शन मंगळवारी आहे ना, पौर्णिमेला? हॉल झालाय, माणसं गावाहून निघालीत. आणि आत्ता आपला मेसेज गेला, की हजारावी पौर्णिमा पुढच्या महिन्यात. ते फार चिडलेत, काका. म्हणजे बरोबरच आहे."

मी फोन घेतला. पलीकडे दिलीप परब. वय पंचावन्नच्या आसपास असावे, आवाज ताणलेला.

"साहेब, मला फक्त एवढंच पायजे. दुसरा मेसेज पाठवा, की पहिला चुकून गेला. मंगळवारच बरोबर. बस."

"मंगळवार बरोबर आहे की नाही, हे मला पाहावे लागेल."

"पाहायचं काय त्यात? महिनाभर मंगळवारच दाखवत होतं की! आईने मेसेज नातीकडून वाचून घेतला, आणि आता पाटावर बसायला तयार नाय. म्हणते, नऊशे नव्याण्णव झाले असतील तर हजाराचा मान कसा घेऊ? कुणाचं ऐकत नाय ती."

"मग पुढच्या पौर्णिमेला करावे."

त्याचा आवाज खाली आला.

"काचबिंदू आहे, साहेब. उजवा डोळा गेला. डावा चाललाय. डॉक्टर म्हणाले, जे दाखवायचं ते लवकर दाखवून घ्या. पुढच्या पौर्णिमेला तिला चंद्र दिसंल का, मला नाय माहीत. सहस्रचंद्रदर्शन ना हे? दर्शन नको व्हायला?"

मी त्याला थांबण्यास सांगितले. गुरुजी दारात उभे होते. त्यांनी सर्व ऐकले होते.

"खोपकर," ते म्हणाले, "तुमच्या यंत्राने बाईंचा एक चंद्र गिळला."

"गिळला की आधीच कमी होता, ते पाहतो."

गुरुजींनी गणित समजावून सांगितले. हिराबाई परब यांचा जन्म होळीच्या रात्री, उत्तररात्री सव्वातीनला. त्याच रात्री, त्याच सुमारास, चंद्र पूर्ण होण्याचा क्षण होता. जन्म त्या क्षणाआधी असेल, तर तो त्यांचा पहिला पूर्ण चंद्र, आणि हजारावा येत्या मंगळवारी. जन्म त्यानंतर असेल, तर पहिला चंद्र महिन्याने, आणि हजारावाही महिन्याने. जुन्या डेटाबेसच्या हिशेबाने हिराबाई त्या क्षणाआधी जन्मल्या होत्या. नव्याच्या हिशेबाने नंतर.

मी त्यांची नोंद उघडली. जन्मवेळ सव्वाचार दिसत होती. जुन्यात सव्वातीन. मधे एक तास आला होता, आणि तो कोणी घातला नव्हता.

त्यांच्या आसपास जन्मलेल्या इतरांच्या नोंदी पाहिल्या. युद्धाच्या वर्षांत जन्मलेली सगळी माणसे तासभर पुढे सरकली होती. त्याआधीची आणि नंतरची जागच्या जागी. नवी कोठी लावताना मी निवडून ताडलेल्या नोंदींत त्या वर्षांतील एकही नव्हती. त्या वयाची माणसे आता थोडी उरली आहेत.

उलगडा व्हायला फार वेळ लागला नाही. दुसऱ्या महायुद्धात सरकारने या देशातील घड्याळे एक तास पुढे केली होती, आणि युद्ध संपल्यावर मागे घेतली. आपण ते विसरलो. नवा डेटाबेस विसरला नव्हता. जगातील प्रत्येक मुलुखाच्या घड्याळाचा इतिहास त्याच्या पोटात असतो. कोठे, केव्हा, किती पुढे, किती मागे. कोण्या दूरच्या देशातील माणसांनी हौसेने तो जमविला आहे. त्यांनी मुंबई पाहिलीही नसेल. पण मुंबईची ती तासभराची वेळ, जी इथल्या कोणाच्याही लक्षात नव्हती, त्यांनी जपून ठेवली. जुन्या कोठीत वेळा ठेवल्या होत्या त्या आजच्या घड्याळाने. नव्या कोठीने त्या बाहेर काढल्या त्या युद्धाच्या घड्याळाने. आमचा प्रोग्रॅम त्या पुन्हा आजच्या घड्याळाने वाचत होता. म्हणून तास वाढला. नव्या डेटाबेसची चूक नव्हती. त्याला आमच्यापेक्षा अधिक आठवत होते, इतकेच.

सर्व सूचना मी थांबविल्या. खिडकीतून उन्हाचा एक चौकोन मेजावर आला होता आणि त्यात धूळ तरंगत होती. एवढ्या माणसांचा एकेक तास एकत्र केला, तर किती दिवस होतील, असा विचार मनात आला. तो हिशेब मी केला नाही.

"मग सव्वातीन हेच धरायचं ना, काका?" मृदुला म्हणाली. "म्हणजे मंगळवार. मी परबांना सांगते."

"थांब. सव्वातीन कोणत्या घड्याळाचे?"

"म्हणजे?"

हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्या काळी मुंबईत एक वेळ नव्हती. सरकारची वेळ होती, जी रेल्वे आणि गोदी पाळीत असत. आणि मुंबईची स्वतःची वेळ होती, सूर्याच्या जवळची, सरकारी वेळेच्या पुष्कळ मागची. ती घरांतून चालत असे. युद्धात सरकारचे घड्याळ आणखी तासभर पुढे गेल्यावर दोहोंतील अंतर इतके वाढले, की एकाच इमारतीत एका मजल्यावर रात्र असे आणि दुसऱ्यावर पहाट. हिराबाईंचे सव्वातीन सरकारी असतील, तर त्या चंद्र पूर्ण होण्याच्या पुष्कळ आधी जन्मल्या, मंगळवार निर्विवाद. घरच्या घड्याळाचे असतील, तर ते आजचे जवळजवळ चार, आणि त्या नंतर जन्मल्या. त्यांच्या पदरी एक चंद्र कमी. जुन्या डेटाबेसने धरलेले आजचे घड्याळ त्या रात्री कोठेच चालत नव्हते; त्याचा मंगळवार हा योगायोगाचा मंगळवार होता.

"आता हे सांगणार कोण?" गुरुजी म्हणाले. "जन्म लावणारी सुईण?"

"बाईंना विचारू."

"आणि त्यांनाही ठाऊक नसलं तर?"

"तर 'ठाऊक नाही' असे लिहू."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. "तुम्ही कठोर आहात हो, खोपकर. एक शब्द टाकलात तर म्हातारी पाटावर बसेल."

"आकडे हाताने फिरविण्याची सवय मला नाही," मी म्हणालो. "तुम्ही संकल्प सांगताना तिथी बदलाल का?"

ते हसले. "नाही बदलणार. म्हणून तर तुम्हाला पाठवतोय. मी गेलो तर माझ्याने राहवणार नाही."

जेवण करून मी लालबागला गेलो. परबांची चाळ पाडून तेथे उंच इमारत झाली आहे. त्यांचे घर बाविसाव्या मजल्यावर. दिलीपने दार उघडले. आत जमिनीवर सतरंज्या, भिंतीशी ब्यागा, कोपऱ्यात नारळांचे पोते. गावाहून आलेली पाचसहा माणसे माझ्याकडे पाहून एकदम गप्प झाली. डॉक्टर घरात आल्यावर होतात तशी.

हिराबाई पूर्वेकडच्या खिडकीशी खुर्चीवर बसल्या होत्या. लहानखुऱ्या, ताठ. चेहरा माझ्या आवाजाच्या दिशेने थोडा उशिरा वळला.

"तुमीच काय ते मशीनवाले?"

"होय."

"माका आधी सांगा, माझो एक चंद्र खय गेलो?"

"तेच विचारायला आलो आहे."

"आई, साहेब फणसवाडीहून आलेत," दिलीप म्हणाला. "मंगळवारच आहे. ते तुला सांगायलाच आलेत. होय ना, साहेब?"

"नाही," मी म्हणालो.

गावाहून आलेल्यांपैकी एकाने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटले. दिलीप माझ्याकडे पाहत राहिला. हिराबाई मात्र खुर्चीत पुढे झाल्या.

"बघ. ह्यो माणूस खोटा बोलत नाय. तू गप ऱ्हव." मग माझ्याकडे वळून त्या मालवणी सोडून शहरी मराठीत बोलू लागल्या, पाहुण्यांशी बोलताना बोलतात तशा. "भाऊ, मी ह्याला सकाळपासून सांगते आहे. माझा मुलगा म्हणतो, आई, बसून घे, देवाला काय कळतंय. देवाला कळत नसेल तर विधी तरी कशाला? नऊशे नव्याण्णवांवर हजाराचा मान घेतला, आणि मंगळवारी वर बघितलं, तर त्या चंद्राला तोंड कसं दाखवू?"

"दिसायला नको का आधी?" दिलीप म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"नाय दिसला तर नाय दिसला. न दिसणारा खरा चालेल. दिसणारा खोटा नको."

खिडकीतून खूप खाली माझगावच्या बाजूची छपरे, त्यांपलीकडे गोदीच्या माल उचलणाऱ्या याऱ्या आणि त्यांपलीकडे धुरकट पाणी दिसत होते. त्या उंचीवर रस्त्याचा आवाज पोहोचत नव्हता. सगळे शहर कोणीतरी काचेखाली ठेवल्यासारखे भासत होते.

मी विचारले, "आपल्या जन्माविषयी घरात काय सांगत?"

"आई सांगायची. माझगावला चाळीत जन्मले मी. युद्ध चाललं होतं. खिडक्यांना काळे कागद. दिवा बाहेर दिसता कामा नये. त्या वर्षी होळीसुद्धा दिवसाउजेडी पेटवली आणि सूर्य बुडायच्या आत विझवली, असं म्हणायची. होळीला धूर होता, ज्वाळ दिसलीच नाही. मग रात्री मी. सुईण म्हणाली, होळी बाहेर विझवलीत ती इथे पेटली. इतकी रडत होते."

"आणि वेळ?"

"सव्वातीन. ते ह्याने भरलंय ना मशीनमध्ये?"

"भरलंय," दिलीप म्हणाला.

"सव्वातीन कोणी पाहिले? घड्याळ कोणाचे होते?"

"आता ते कसं सांगू, भाऊ? आई नेहमी एकच वाक्य बोलायची. तू झालीस सव्वातीनला, गोदीच्या टायमाक."

मी हातातील पाण्याचा पेला खाली ठेवला. "काय म्हणायच्या?"

"गोदीच्या टायमाक."

"ते काय नाय, साहेब," दिलीप म्हणाला. "आजोबा गोदीत कामाला. त्यांची कामावर जायची वेळ, म्हणून आजी असं म्हणायची. आम्ही लहानपणापासून ऐकतोय."

हिराबाई त्याच्याकडे वळल्या. "खुळ्या! माझो बापूस रातपाळीक होतो. रात्री सव्वातीनला तो गोदयेतच. कामावर जातलो खय? समुद्रात?"

गावाहून आलेल्या मंडळींत हशा झाला. दिलीपही हसला, पण त्याला कळले नव्हते.

"मग गोदीचा टायम म्हणजे काय?" त्याने विचारले.

"अरे, टायम दोन होते चाळीत," त्या सहज म्हणाल्या; नळ दोन होते, अशा स्वरात. "एक घरचा. एक गोदीचा. घरचा मागे चालायचा. आमच्या खोलीत गोदीचा होता, कारण बापूस त्यावर जायचा. समोरच्या खोलीत घरचा. त्यांच्याकडे भात शिजायला लागला की आमचं जेवून झालेलं असायचं. मी शाळेत जाईपर्यंत होतं ते. नंतर मिटलं."

माझा जन्म त्या काळाच्या अखेरीचा, गिरगावातला. माझी आई माझ्या लहानपणी 'घरच्या वेळेने' असे म्हणत असे. त्यावेळी मला तो केवळ मायेचा शब्द वाटला होता. त्या खिडकीपाशी बसून तो मला पुन्हा ऐकू आला. अगदी जवळून, झोपेत कोणी नाव घेतल्यासारखा.

"साहेब?" दिलीप म्हणाला.

"गोदीचे घड्याळ सरकारी होते," मी म्हणालो. "युद्धात ते तासभर पुढे होते. गोदीचे सव्वातीन म्हणजे आजच्या घड्याळाचे सव्वादोन. आपण जन्मलात तेव्हा चंद्र पूर्ण व्हायचा होता, बाई. तो तुमच्या देखत झाला. पहिला तोच."

"काळ्या कागदाच्या पलीकडे," हिराबाई म्हणाल्या.

"होय."

"मग मंगळवारी?"

"हजार."

"नक्की? ह्याच्या तोंडाकडे बघून नाय ना बोलत?"

"मी त्याच्याकडे पाहिलेले नाही."

त्या खुर्चीत मागे टेकल्या. खोलीत एकदम बोलणे सुरू झाले; कोणी फोन लावला, कोणी नारळाचे पोते ओढून भिंतीपासून पुढे घेतले. दिलीपने माझा हात धरला आणि काही न बोलता सोडून दिला. ते बरे झाले.

चार वाजून गेले असावेत. पौर्णिमेला तीन दिवस असले की चंद्र दुपारीच उगवतो. सहसा कोणी पाहत नाही. गोदीच्या याऱ्यांच्या वर, फिकट निळ्या आकाशात, तो आला होता. एका कडेने थोडा अपुरा, पांढरा, हलका. जणू कोणाला तरी तेथे सुचला आणि अजून ठरलेला नव्हता.

हिराबाईंनी विचारले, "वर आलाय काय तो?"

"आलाय, आई," दिलीप म्हणाला. "बघ, क्रेनच्या वर."

त्यांनी मान वळविली. डावा डोळा त्या दिशेला आणण्यासाठी त्यांना मान पुष्कळ वळवावी लागली. त्या खूप वेळ पाहत होत्या.

"पाटीवर खडूचं बोट लागतं, तसं काहीतरी आहे," त्या म्हणाल्या. "तोच असेल."

"तोच आहे."

"मग मंगळवारी जरा मोठा करा त्याला." आणि हसून म्हणाल्या, "भाऊ, चहा घेतल्याशिवाय जाऊ नका. दिलीप, साखर कमी. ह्यांच्या बोलण्यावरून कळतं."

चहा घेतला. मग निघालो.

टॅक्सीत मी कामाचा विचार करीत होतो. आम्ही प्रत्येकाची जन्मवेळ साठविली होती. ती कोणत्या घड्याळाची, हे एकालाही विचारले नव्हते. जुन्या कोठीला ते विचारता येत नव्हते, नवीला येत होते, आणि आम्हीच रकाना ठेवला नव्हता. हा नवा डेटाबेस आला नसता, तर हिराबाईंचे सर्व मंगळवारी सुरळीत पार पडले असते, आणि योग्यच पार पडले असते. पण ते खरे आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. या दोहोंत फरक आहे, असे मला वाटते. गुरुजींना तसे वाटत नाही. आम्ही यावर नंतर बोललो आणि एकमत झाले नाही.

फणसवाडीत पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मृदुला वाट पाहत होती. मी जिना चढतानाच तिने विचारले, "काका, बसणार ना त्या?"

"बसणार."

ती खुर्चीत बसली आणि तिने डोळे पुसले. मी संगणकाकडे वळलो.

जन्मवेळेचा रकाना मी साधा केला. लिहिलेली वेळ जशीच्या तशी राहील, कोणीही तिला पुढेमागे करणार नाही, असा. त्याशेजारी दुसरा रकाना उघडला आणि त्याला 'घड्याळ' असे नाव दिले. युद्धकाळात जन्मलेल्या बाकीच्यांची नावे मृदुलेला काढून दिली. सोमवारपासून ती एकेकाला फोन करणार होती. त्यांपैकी कित्येकांकडून 'ठाऊक नाही' एवढेच उत्तर येईल, आणि ते तसेच लिहायचे, हे तिला बजावले.

हिराबाई परब यांच्या नोंदीत सव्वातीन ही वेळ पुन्हा भरली. शेजारच्या रकान्यात 'गोदी' असे लिहिले. गोदीच्या वेळेतून युद्धाचा तास वजा करण्यास प्रोग्रॅमला सांगून गणित चालविले. मंगळवार आला. सूचना परबांच्या मोबाइलवर पाठविली आणि ती पोहोचल्याची खूण पाहिली. मग जुना डेटाबेस ज्यावर होता तो संगणक बंद केला, त्याची वायर भिंतीतून काढली, गुंडाळली, आणि सुटू नये म्हणून तिला दोऱ्याची गाठ मारली.